कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि वऱ्हाडचा भूमिहीन

वर्धा नदीच्या काठी, अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात कौंडण्यपूर हे गाव आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. कार्तिकात तेथे यात्रा भरते आणि आषाढीसाठी तेथून रुक्मिणीची पालखी पंढरपुरास जाते. गावालगतच्या पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन झाले, तेव्हा सातवाहनकाळच्या आणि त्याहूनही जुन्या वस्तीच्या खुणा सापडल्या. आमच्या काही धम्मबांधवांना या गावाच्या नावात कौंडिण्याचे नाव ऐकू येते. सारनाथला तथागतांनी पाच परिव्राजकांना जो पहिला उपदेश केला, तो ज्याला सर्वांआधी उमगला तो हा कौंडिण्य. नावाचे साम्य म्हणजे इतिहासाचा पुरावा नव्हे, आणि तसा आग्रह आम्ही धरणार नाही. आज आम्हांला या गावाच्या पुराणाविषयी लिहायचे नाही. त्याच्या शिवाराविषयी लिहायचे आहे.

हा मुलूख काळ्या मातीचा. कापूस, तूर, ज्वारी आणि अलीकडे सोयाबीन यांचा. येथे पाडव्याला सालदार ठरतात. सुगीत बाया पहाटे भाकरी बांधून वेचणीला निघतात, दिवसभर वाकून बोंडे वेचतात आणि संध्याकाळी वजनकाट्यावर कापूस तोलला गेला की किलोच्या हिशेबाने मजुरी घेऊन घरी येतात. पेरणी, निंदण, डवरणी, वेचणी, सोंगणी, यांतले कोणते काम या हातांवाचून होते? आणि ज्यांचे हे हात आहेत त्यांच्यापैकी किती जणांचे नाव गावच्या सातबाऱ्यावर आहे? यात बौद्ध आहेत, मातंग आहेत, चर्मकार आहेत, आदिवासी आहेत, आणि सवर्ण म्हणविणाऱ्या जातींतले गरीबही आहेत. जमीन नसलेल्याची जात कोणतीही असली, तरी वजनकाट्यापुढे तो सारखाच उभा राहतो. मात्र घरी जाताना एकाची वाट गावात जाते आणि दुसऱ्याची गावाबाहेर. हा फरक विसरून समाजवाद बोलणाऱ्यांनी आपल्या देशात फार गोंधळ घातला आहे. आणि वजनकाटा विसरून नुसती जात बोलणाऱ्यांनीही कमी घातलेला नाही.

कौंडण्यपूरच्या एका अंगाला मोझरी. तेथे तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम. दुसऱ्या अंगाला, नदी ओलांडून गेले की वर्धा जिल्हा, आणि त्यात पवनारला विनोबांचा आश्रम. १९५१ साली तेलंगणातील पोचमपल्लीला भूदान सुरू झाले आणि त्याची हवा आमच्या खेड्यांतही आली. भूदानाचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणू नये. काही ठिकाणी भूमिहीनांना खरोखर जमीन मिळाली, काही ठिकाणी मुरमाड आणि वादातली जमीन दानपत्रावर चढली. पण खरा प्रश्न जमिनीच्या प्रतीचा नव्हता. त्या चळवळीत बोलण्याचा अधिकार देणाऱ्याकडे होता. घेणाऱ्याने हात पुढे करून उभे राहायचे एवढेच. धम्मात दानाला मोठे स्थान आहे हे खरे. पण दान ही देणाऱ्याच्या चित्तशुद्धीची गोष्ट आहे. शेतात राबणाऱ्याचा शेतावरचा हक्क ही दानाची बाब कशी होईल?

हा सवाल त्याच दशकात ज्याने भूमिहीनांच्याच तोंडून विचारायला लावला, तो पुढारी वऱ्हाडचा नव्हता. तो नाशिककडचा. पण त्याने उभारलेल्या लढ्यात वऱ्हाडचे भूमिहीनही उतरले आणि तुरुंगात गेले. म्हणून कौंडण्यपूरच्या काठावरून आज त्याची आठवण करायची. तो पुढारी म्हणजे कर्मवीर भाऊराव कृष्णाजी उर्फ दादासाहेब गायकवाड.

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी, महार कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण फार झाले नाही. परदेश तर त्यांनी विद्यार्थी म्हणून कधी पाहिलाच नाही. पण खेड्यातील महारकी म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. सरकारी निरोप घेऊन धावणारा, मेलेले ढोर ओढणारा, रात्री गस्त घालणारा आणि या सर्वांच्या मोबदल्यात तुकडाभर वतन व दारोदारची भाकर मिळविणारा महार हा गावाचा नोकर होता की गावाचा गुलाम, हा प्रश्न त्यांच्या डोळ्यांपुढे लहानपणापासून उभा होता. बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध १९२०च्या दशकातच विधेयक आणले, तेव्हा आपल्यातल्याही पुष्कळांना ते पटले नव्हते. हातचे वतन जाईल ही भीती होती. भाऊरावांना ते पटले, आणि पुढे आयुष्यभर पटलेले राहिले.

नाशिकला ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे काम पाहू लागले आणि तेथूनच बाबासाहेबांच्या निकट आले. १९२७च्या महाडच्या संग्रामानंतर २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. (मंदिरप्रवेशाचा प्रश्न वऱ्हाडात त्याआधीच पेटला होता हे येथे सांगून ठेवले पाहिजे. नोव्हेंबर १९२७मध्ये अमरावतीला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली ती अंबादेवीच्या मंदिराच्या प्रश्नावरूनच.) काळारामच्या लढ्याचे नेतृत्व बाबासाहेबांचे, पण तो चार-पाच वर्षे रोजच्या रोज चालविला तो भाऊराव गायकवाड, अमृतराव रणखांबे आणि त्यांच्या सोबत्यांनी. खेड्यापाड्यांतून सत्याग्रहींच्या तुकड्या आणायच्या, त्यांच्या भाकरीची सोय लावायची, लाठ्या खायच्या, तुरुंगात जायचे, सुटून आले की पुन्हा तुकड्या गोळा करायच्या. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडांचा वर्षाव झाला, गावोगावी बहिष्कार पडले, मजुरी बंद झाली. तरी माणसे येत राहिली.

मंदिराचा दरवाजा उघडला नाही. १९३४ साली बाबासाहेबांनी भाऊरावांना पत्राने कळविले की देवळात शिरणे हे आपले साध्य कधीच नव्हते. लोकांत आत्मभान यावे म्हणून तो मार्ग धरला होता, आणि आता शक्ती शिक्षण व राजकारणाकडे वळविली पाहिजे. दादासाहेबांच्या जीवनाचा विचार करताना आम्हांला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो. ज्याने चार वर्षे रक्त आटवून एक लढा चालविला, त्याला तो सोड म्हणून सांगणे सोपे नाही आणि ऐकणे त्याहून सोपे नाही. त्यांनी ते ऐकले. मंदिरासाठी शिकलेली सारी विद्या, म्हणजे भुकेल्या माणसांना शिस्तीने कसे उभे करावे आणि तुरुंगाची भीती कशी घालवावी ही विद्या, त्यांनी पुढे जमिनीसाठी वापरली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांच्याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, आणि दुसऱ्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. धर्मांतराची घोषणा आणि मजुरांचा पक्ष या दोन गोष्टी दहा महिन्यांच्या अंतराने घडल्या, हे आपल्यातले किती जण लक्षात ठेवतात?

आपल्याकडे समाजवादाचा इतिहास लिहिणारे तो बहुधा पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांपासून सुरू करतात. त्यात गिरणी येते, रेल्वे येते, मार्क्सच्या ग्रंथांचे वाचनमंडळ येते. महारवाड्यातून आणि सत्यशोधकांच्या सभेतून आलेला समाजवाद येत नाही. वास्तविक मुंबईच्या गिरणी कामगारांची पहिली संघटना १८८४ साली बांधली ती नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधकाने. नागपूरला १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली आणि विदर्भाच्या खेड्यांतला अस्पृश्य मजूर तिच्या दाराशी गेला. त्या मजुरांत काम करून त्यांच्यासाठी पत्र काढले ते किसन फागोजी बनसोडे यांनी, आणि त्या पत्राचे नावच मजूर पत्रिका होते. हे लोक मार्क्स वाचून मजुरांकडे गेलेले नव्हते. मजुरांतूनच वर आले होते. त्यांचा समाजवाद या मातीतला होता, आणि म्हणूनच त्यात जातीचा प्रश्न आपोआप होता. तो बाहेरून चिकटवावा लागला नाही.

स्वतंत्र मजूर पक्ष हा त्याच परंपरेचा राजकीय अवतार. १९३७च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात त्याचे बहुतेक उमेदवार निवडून आले, मध्यप्रांत-वऱ्हाडातही काही जागा मिळाल्या. भाऊराव गायकवाड मुंबईच्या विधिमंडळात गेले. त्याच वर्षी बाबासाहेबांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८मध्ये हजारो शेतकरी कुळे मुंबईत मोर्चाने आली. त्या कुळांत महार होते तसे कुणबीही होते. फेब्रुवारी १९३८मध्ये नाशिक जिल्ह्यातच, मनमाडला, रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली आणि ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही मांडणी बाबासाहेबांनी तेथे केली. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उभे राहिले. वतनाच्या प्रश्नावर १९३९च्या डिसेंबरात अहमदनगर जिल्ह्यातील हरेगावला मोठी परिषद झाली. पस्तिशीच्या भाऊरावांची राजकीय शाळा ही अशी होती. कुळ, कामगार आणि वतनदार महार हे तिघे एकाच दिवशी एकाच मांडवात बसू शकतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

पुढे महायुद्ध आले. दादासाहेबांनी त्या काळात सैन्यभरतीचे काम केले. १९४२ला नागपूरच्या अधिवेशनात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन स्थापन झाले आणि मजूर पक्षाचे नाव मागे पडले. घटनेच्या वाटाघाटींच्या दिवसांत अस्पृश्यांचे स्वतंत्र अस्तित्व मान्य करवून घ्यायचे, तर ते करणे भागच होते. पण मजूर पक्षाचा विचार बाबासाहेबांनी सोडला नव्हता. १९४७ साली घटनासमितीसाठी त्यांनी जे निवेदन तयार केले, त्यात शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन गावकऱ्यांनी सामुदायिक रीतीने कसावी आणि जमीनदार, कूळ व भूमिहीन मजूर असे भेदच राहू नयेत, अशी योजना मांडली आहे. ती घटनेत आली नाही, पण कागदावर आहे. आपल्या घरी बाबासाहेबांचे ग्रंथ असतात. या निवेदनाची पाने मात्र बहुधा न कापलेली असतात.

आयुष्याच्या अखेरीस बाबासाहेबांना एक गोष्ट फार बोचत होती. आपल्या खटपटीचा लाभ शिकलेल्यांना झाला, खेड्यातला भूमिहीन आहे तेथेच राहिला, ही खंत त्यांनी १९५६ साली आग्र्याच्या भाषणात सर्वांसमक्ष बोलून दाखविली. दादासाहेब तोवर कामाला लागले होते. १९५३ साली, तेव्हा हैदराबाद राज्यात असलेल्या मराठवाड्यात, पडीक सरकारी जमिनीसाठी भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि माणसे तुरुंगात गेली. बाबासाहेबांच्या हयातीत जमिनीचा लढा असा सुरू झालेला होता. बाबासाहेबांच्या पश्चात दादासाहेबांनी तो कम्युनिस्टांकडून उसना आणला, असे जे पुढे सांगितले गेले, ते म्हणूनच खरे नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि आठ आठवड्यांच्या आत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. समाज पोरका झाला. दादासाहेब १९५७च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूने नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपूरला रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. समितीच्या चळवळीत दादासाहेब डांगे आणि एस. एम. जोशी यांच्याबरोबर एका व्यासपीठावर बसत होते. धोतर नेसणारा, ग्रामीण बोलीत बोलणारा, कायद्याची पदवी नसलेला हा पुढारी आपल्यातल्याच काही सुशिक्षितांना खटकू लागला. १९५९च्या सुमारास पक्षात दुरुस्त आणि नादुरुस्त अशी फूट पडली. दुरुस्त गटाचे नेते बी. सी. कांबळे हे कायद्याचे जाणकार आणि अभ्यासू गृहस्थ. बाबासाहेबांचा मार्ग सनदशीर आहे, मोर्चे व सत्याग्रह यांनी पक्ष कम्युनिस्टांच्या पंखाखाली जाईल, ही त्यांची भीती प्रामाणिक होती असे आम्ही मानतो. पण ज्याच्याकडे कागदच नाही त्याने सनदशीर अर्ज कोणत्या कागदाच्या आधारे करायचा, याचे उत्तर त्या गटाजवळ नव्हते.

दादासाहेबांनी १९५९ साली भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह केला. नाशिक, नगर, खानदेश, मराठवाडा असा तो पसरला. तो नेमका कशासाठी होता, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. तो कोणा शेतकऱ्याची जमीन हिसकावण्यासाठी नव्हता. सरकारच्या मालकीची पडीक जमीन, जंगलखात्याची झाडे नसलेली जमीन, गायरानाचा वाढीव भाग, ज्याला आमच्या वऱ्हाडात ई-क्लास म्हणतात, ती कसण्यासाठी भूमिहीनाला द्या, एवढीच मागणी. ती न दिल्यास आम्ही नांगर घालू आणि तुम्ही पकडाल तर तुरुंगात जाऊ. यात मार्क्सचा वर्गसंघर्ष कोठे आहे? आणि भूदानाचे हात पसरणे तरी कोठे आहे? राज्य हे जनतेचे असेल, तर राज्याच्या पडीक जमिनीवर पहिला हक्क जनतेतल्या सर्वांत उपाशी माणसाचा, असा हा साधा हिशेब होता. त्या वर्षी सरकारला जमीनवाटपाचा प्रश्न हाती घ्यावा लागला, आणि दोनच वर्षांनी, १९६१ला, महाराष्ट्रात शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा झाला.

या हिशेबाला धम्मातही आधार आहे. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात एका राजाची कथा येते. त्याच्या राज्यात चोऱ्या आणि लूटमार वाढलेली असते. दंड आणि फाशीने ती थांबणार नाही, शेती करणाऱ्याला बी-बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकराला योग्य वेतन दे म्हणजे राज्य आपोआप शांत होईल, असा सल्ला त्याला मिळतो. चक्कवत्ति सीहनाद सुत्तातही निर्धनांना धन न दिल्याने दारिद्र्य आणि दारिद्र्यातून चोरी, हिंसा, असत्य कसे वाढत जाते याची साखळी सांगितली आहे. दादासाहेबांनी ही सुत्ते वाचली होती की नाही, हा प्रश्न गौण आहे. धम्म म्हणजे विहारातील वंदना आणि जमिनीचा लढा म्हणजे राजकारण, अशी भिंत त्यांच्या मनात नव्हती, हे त्यांच्या १९६४च्या मागणीपत्रावरून दिसते.

हे मागणीपत्र त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम आहे असे आमचे मत आहे. त्यात दहा मागण्या होत्या, आणि त्या कशा एकमेकींना लागून बसविल्या होत्या ते पाहण्यासारखे आहे. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा ही मागणी, आणि तिच्या सोबतच कसेल त्याला जमीन आणि पडीक जमीन भूमिहीनाला. धान्याचे योग्य वाटप आणि भावांवर नियंत्रण. झोपडपट्ट्यांची सुधारणा. किमान वेतन कायद्याची पूर्ण अंमलबजावणी. बौद्ध झालेल्या पूर्वास्पृश्यांना अनुसूचित जातींच्या सवलती. अस्पृश्यता गुन्हे कायद्याने खरा न्याय, दलितांचा छळ बंद, आणि नोकऱ्यांतील राखीव जागांचा अनुशेष १९७०पर्यंत भरणे. धान्याचा भाव हा काही एका जातीचा प्रश्न नव्हे. किमान वेतनात मराठा मजूरही येतो आणि झोपडपट्टीत सर्व धर्मांचे लोक राहतात. बौद्धांच्या सवलतींचा प्रश्न मात्र शुद्ध आपला. हे सर्व एका कागदावर मांडणारा माणूस जातीयवादीही नव्हता आणि पोथीनिष्ठ मार्क्सवादीही नव्हता. १९३८च्या मांडवात तो जे शिकला होता, तेच तो पुन्हा मांडीत होता.

दिल्लीला मोर्चा नेऊन हे मागणीपत्र पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना देण्यात आले. उत्तर समाधानकारक आले नाही म्हणून ६ डिसेंबर १९६४ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. महाराष्ट्रात तर तो झालाच; उत्तर प्रदेश, पंजाब असा बाहेरही पसरला. दोन महिन्यांत तीन लाखांहून अधिक स्त्री-पुरुष तुरुंगात गेले असे सांगितले जाते. तुरुंग पुरेनात. स्त्रिया कडेवर मुले घेऊन अटक करून घेत होत्या. नाशिकच्या शांताबाई दाणींसारख्या शिकलेल्या कार्यकर्त्या आणि अंगठा उठविणाऱ्या शेतमजूर बाया एकाच लढ्यात होत्या. वऱ्हाडातूनही माणसे गेली. हे दिवस वेचणीचे असतात हे आपण शहरातली माणसे विसरतो. वेचणीच्या दिवसांत शेतमजुराने तुरुंगात जाणे म्हणजे वर्षाची कमाई सोडून जाणे. परत आल्यावर मालक पुन्हा कामावर घेईलच याचीही खात्री नाही. या लोकांची नावे कोठल्याही ग्रंथात नाहीत.

सरकारने बऱ्याच मागण्या तत्त्वतः मान्य केल्या आणि फेब्रुवारी १९६५मध्ये सत्याग्रह मागे घेतला गेला. तत्त्वतः हा शब्द आपल्या राज्यकर्त्यांचा फार आवडता आहे. त्या दहांपैकी दोन मागण्यांचे काय झाले ते सांगतो. बाबासाहेबांचे चित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लागले ते १९९० साली. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती दिल्या त्याही १९९० साली. मधे पंचवीस वर्षे गेली. तेव्हा जे मूल आईच्या कडेवर तुरुंगात गेले होते, त्याचे नोकरीला लागण्याचे वय तोवर टळून गेले होते.

दादासाहेबांच्या आयुष्यातील पुढचा भाग लिहिणे आम्हांला सुखाचे नाही, पण तो टाळून चरित्र लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते १९६२पासून १९६८पर्यंत राज्यसभेत होते. १९६८ला त्यांना पद्मश्री मिळाली. १९६७च्या सुमारास महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या निवडणुकीत त्यांनी काँग्रेसशी समझोता केला. त्यामागचा त्यांचा विचार आम्हांला समजतो. गायरान, तलाठी, पाणवठा, शाळा या सर्व गोष्टींचा कारभार ज्यांच्या हाती जाणार तेथे आपला माणूस बसला तर भूमिहीनाला काही देता येईल, असे त्यांना वाटले. पण ज्यांच्याकडून जमीन मागायची, त्यांच्याच पंगतीला बसल्यावर मागणीचा आवाज खाली येतो. काँग्रेसला मते मिळाली, आपल्याला चार जागा मिळाल्या, आणि पक्ष फुटला. विदर्भाचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे विरुद्ध बाजूला गेले आणि १९७०पर्यंत दोन पक्ष उभे राहिले. दादासाहेबांची ही चूक होती, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. मात्र त्यांच्या पश्चात ज्यांनी त्याच चुकीचा धंदा केला, त्यांनी स्वतःच्या समर्थनासाठी दादासाहेबांचे नाव घेऊ नये. दादासाहेबांच्या मागे तीन लाख सत्याग्रही होते. यांच्या मागे काय आहे?

२९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेब गेले. पुढच्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली आणि तिच्यात दोनच वर्षांत बुद्ध की मार्क्स असा वाद पेटून ती फुटली. आमच्या मते या वादाचे उत्तर दादासाहेबांनी कोणताही प्रबंध न लिहिता देऊन ठेवले होते, पण ते वाचायला कोणाला सवड नव्हती. ते लेखक नव्हते, वक्ते म्हणूनही गाजलेले नव्हते. त्यांचे विचार त्यांच्या मागणीपत्रात आणि तुरुंगांच्या नोंदवह्यांत आहेत.

आज वऱ्हाडात काय दिसते? १९७८ला आणि १९९१ला राज्य सरकारने निर्णय काढून दलित-आदिवासींनी कसलेल्या गायरान जमिनींपैकी काही अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. शेवटची तारीख १४ एप्रिल १९९० धरली. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची, जन्मशताब्दी वर्षाच्या आरंभाची. त्या निर्णयांनी काहींच्या नावावर जमीन झाली, अनेकांचे प्रस्ताव तहसिलात पडून राहिले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा निकाल दिला आणि महाराष्ट्र शासनानेही त्यानुसार निर्णय काढला. धनदांडग्यांनी गावतळी बुजवून बांधलेली घरे आणि भूमिहीनाने पोटासाठी नांगरलेले दोन एकर यांत फरक करायला हवा, आणि त्या निकालातही भूमिहीनांना दिलेल्या पट्ट्यांसारख्या गोष्टींना अपवादाची जागा आहे. पण तलाठ्याच्या नोटिशीला हा फरक कळत नाही. ती दोघांच्या दारी सारखीच येते, आणि बहुधा गरिबाच्या दारी आधी येते.

दुसरी गोष्ट अधिक विचित्र आहे. २००४ साली राज्य सरकारने भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्धांना जमीन देण्याची योजना काढली आणि तिला कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचेच नाव दिले. चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती. प्रथम निम्मे अनुदान आणि निम्मे कर्ज होते, २०१८पासून पूर्ण अनुदान झाले. योजना चांगली आहे, आणि तिच्यामुळे ज्यांना जमीन मिळाली त्यांचे अभिनंदन. पण त्यात सरकारने आपली पडीक जमीन द्यायची नाही. कोणी खाजगी मालक ठरलेल्या भावात विकायला तयार झाला, तर ती विकत घेऊन द्यायची. त्या भावाला जमीन विकायला येणारे मालक थोडे, आणि जे येतात त्यांच्या जमिनीत बहुधा दगड अधिक. ज्या माणसाने सरकारी पडीक जमीन हक्काने मागितली, त्याचे नाव बाजारात जमीन शोधणाऱ्या योजनेला दिले गेले आहे. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर कुटुंबाला मिळणारी मदतही नावावर जमीन असेल तर मिळते. मजुराने त्याच दुष्काळात, त्याच कर्जापायी जीव दिला तर त्याची नोंद त्या यादीत होत नाही.

आपल्या निवडणुकांत आता या विषयावर कोणी बोलत नाही. पुतळा कोठे बसवायचा, उमेदवारी कोणत्या गटाला, आघाडी कोणाशी, हे बोलले जाते. १९६४च्या मागणीपत्राची प्रत आज कोणत्या कचेरीत मिळेल, असे एखाद्या गटाच्या तरुण कार्यकर्त्याला विचारून पाहावे.

गावात मात्र तो लढा विसरलेला नाही, फक्त त्याला चळवळ म्हणत नाहीत. ई-क्लास जमीन कसणाऱ्यांच्या घरी गेलात तर भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब असतात, आणि खाली लोखंडी पेटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद असतात. अतिक्रमणाचा पंचनामा, बेदखलीची नोटीस आणि वेळोवेळी भरलेल्या दंडाच्या पावत्या. सरकारने दंड केला म्हणजे ती जमीन त्या साली आपण कसत होतो याचा तो पुरावा, असा त्यांचा हिशेब. पावतीची शाई उडत चालली की ते तिची झेरॉक्स काढून आणतात, आणि मूळ पावती पुन्हा पेटीत ठेवतात.